गुरुत्वमध्य किती सरकला, हे पट्टीवर कसं पाहायचं

सूत्र नंतर. आधी 30 सेंटिमीटरची पट्टी घ्या, असं मी मुलांना नेहमी सांगते.

दोन्ही हातांच्या तर्जन्यांवर पट्टी आडवी ठेवा आणि बोटं सावकाश जवळ आणा. दोन्ही बोटं एकदम सरकणार नाहीत. जे बोट मध्यापासून लांब, त्यावर भार कमी. म्हणून घर्षण कमी आणि तेच आधी सरकतं. मध्याजवळ आलं की त्यावरचा भार वाढतो, ते अडतं आणि दुसरं सुटतं. घाई करू नका, ही आलटापालट बघण्यासारखी असते. बोटं जिथे भेटतात तिथे गुरुत्वमध्य, म्हणजे वस्तूचं सगळं वजन जणू जिथे एकवटलंय तो बिंदू. नुसत्या पट्टीत तो 15 च्या खुणेवर येतो.

आता 30 च्या खुणेवर चिकणमातीचा गोळा चिकटवा. समजा पट्टी 20 ग्रॅमची आणि माती 10 ग्रॅमची. आता सूत्र: प्रत्येकाचं वस्तुमान त्याच्या मध्याच्या खुणेने गुणा, बेरीज करा आणि एकूण वस्तुमानाने भागा. 20 गुणिले 15 म्हणजे 300, 10 गुणिले 30 म्हणजेही 300. बेरीज 600, भागिले एकूण 30 ग्रॅम. उत्तर 20. बोटं तिथेच भेटतात का, पाहा.

मग तोच गोळा 24 वर आणा. गुरुत्वमध्य 18 वर येतो. गोळा 6 सेंटिमीटर हलला, गुरुत्वमध्य 2 च. एकूण वस्तुमानाचा तिसरा हिस्सा हलवला, म्हणून सरकणंही एक तृतीयांश. वजन तेवढंच राहिलं, फक्त त्याची जागा बदलली. सगळी गंमत इथेच आहे.

गुरुत्वमध्याच्या दोन्ही बाजूंना वजन सारखं असतं, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही. गोळा टोकाला होता तेव्हा 20 च्या खुणेच्या डावीकडे साधारण 13 ग्रॅम होते, उजवीकडे जवळजवळ 17. तरीही तोल साधला, कारण डावी बाजू जास्त लांबवर पसरली होती.

वेड्यावाकड्या पुठ्ठ्यासाठी ओळंबा, म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन, वापरा. कडेला भोक पाडून पुठ्ठा टाचणीवर मोकळा लटकवा, त्याच टाचणीला ओळंबा सोडा आणि दोऱ्यालगत रेघ मारा. दुसऱ्या भोकातून पुन्हा तेच. रेघा छेदतात तिथे गुरुत्वमध्य. एक कोपरा कापलात तर तो कापलेल्या बाजूपासून दूर जातो.

खणांच्या कपाटातही हेच घडतं. भरलेले खण एकदम बाहेर ओढले की गुरुत्वमध्य पुढे येतो आणि तो पायांच्या पुढे गेला की कपाट अंगावर येतं. म्हणून जड सामान खालच्या खणात ठेवा आणि एका वेळी एकच खण उघडा.