थार, जिम्नी, गुरखावर जादा दिवे आणि अँटेना: नियमात बसेल असं काय आणि कसं लावायचं

फोर बाय फोर घेतली की ॲक्सेसरीच्या दुकानात आधी टपावरचा लाइट बार दाखवतात. "सगळेच लावतात, काही होत नाही" हे वाक्य त्याच्यासोबत फुकट मिळतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ छोटा आणि स्पष्ट आहे: गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत चालतो, पण तो नोंदणी प्राधिकाऱ्याच्या म्हणजे आरटीओच्या मंजुरीनेच. टपावरचा बार, बॉनेटवरचे गोल स्पॉट, ए-पिलरवरचे (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावरचे) चौकोनी पॉड हे सगळे याच्याच कचाट्यात सापडतात.

"काळं कव्हर घातलं की चालतं" हा सर्रास पसरलेला गैरसमज आहे. मनाई दिवा बसवण्यालाच आहे, पेटवला की नाही हा नंतरचा प्रश्न. कव्हरमुळे समोरच्याचे डोळे वाचतात हे खरं, पण चालान वाचेलच असं नाही. खाजगी जागेतल्या ऑफ-रोड ट्रॅकसाठी बार हवाच असेल तर हाताने सुटणाऱ्या बोल्टवर आणि वॉटरप्रूफ कनेक्टरवर लावा आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी काढून डिकीत टाका.

आणखी एक युक्तिवाद कानावर येतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसी बुकातले तपशील बदलण्याबद्दल आहे, दिव्याने आरसीतलं काहीच बदलत नाही, मग अडचण काय? अडचण अशी की नियम १११ आणि दिव्यांचे इतर नियम स्वतंत्रपणे लागू असतात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये गाडीला बाहेरून सुटे भाग बसवून केलेला, परवानगी नसलेला बदलही धरला आहे. त्याला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. "प्रत्येक बदलामागे" हे लक्षात ठेवा. बार, पॉड आणि मागचा वर्क लाइट मोजायला घेतले तर रक्कम पटकन वाढते.

मग लावायचं काय?

फॉग लॅम्पची एक जोडी. सह्याद्रीत पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला खरी गरजही त्याचीच असते. आंबोली, माळशेज, वरंधा, चोर्ला अशा घाटांत ढग रस्त्यावर उतरले की अप्पर मारून काहीच दिसत नाही, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. उंचावरून पडणारा प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून थेट आपल्याच डोळ्यांकडे परत येतो. फॉग लॅम्प खाली असतो आणि त्याच्या झोताला वरून सरळ कापलेली कड असते, म्हणून रस्त्याची पांढरी पट्टी आणि कठडा दिसत राहतो. रंग पांढरा किंवा पिवळा, दोन्ही चालतात. पिवळा धुकं "फाडतो" असं म्हणतात, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असल्याने सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फायदा होतो तो खालच्या जागेचा आणि त्या कडेचा.

दिवा घेताना वॅट आणि ल्युमेनचे आकडे नंतर बघा, आधी काच उलटीसुलटी करून तिच्यावरची कोरलेली अक्षरं वाचा. वर्तुळातला ई आणि त्याच्या शेजारी आकडा म्हणजे युरोपीय मान्यता. 'बी' किंवा 'एफ ३' म्हणजे पुढचा फॉग लॅम्प, 'आर' म्हणजे अप्परचा झोत, 'सी' म्हणजे डिपरचा, आणि त्याआधी 'एच' असेल तर हॅलोजन. भारतीय मान्यतेच्या दिव्यावर इथल्या टाइप ॲप्रूव्हलचा क्रमांक असतो. काचेवर यातलं काहीच नसेल तर तो दिवा रस्त्यासाठी बनलेलाच नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

'आर' खुणेची अप्परची जादा जोडी लावायचा विचार असेल तर नियम १०५ बघा. त्यात पुढचे हेडलॅम्प दोन किंवा चार असं म्हटलंय. म्हणजे एकूण चारच्या वर जाता येत नाही, आणि ती जोडी अप्परसोबतच लागून डिपर मारताच विझली पाहिजे. तरीही रस्त्यावर तपासणारा अधिकारी तिला स्पॉटलाइट समजण्याचा संभव बराच असतो, त्यामुळे आमचं मत फॉगच्याच बाजूने आहे.

मूळ हेडलाइटमध्ये ९०/१०० वॅटचा बल्ब घालू नका. एच ४ चा मान्य बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याहून मोठ्या बल्बने होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चकाकी उडते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर प्रकाश निघण्याची जागा बदलते, डिपरची कड विस्कटते आणि समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. घाटाच्या वळणावर ते दोन सेकंद त्याच्या जिवावर बेतू शकतात.

बसवण्याची जागा

जमिनीपासून किमान २५ सेंमी उंच, पण डिपरच्या दिव्याच्या वर अजिबात नाही. गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४० सेंमीच्या आत. दोन्ही दिवे एकाच उंचीवर, मधल्या रेषेपासून समान अंतरावर. बंपरमध्ये कंपनीची खाच असेल तर तीच वापरा. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्येही बंपरमागे फॉगचा सॉकेट तयार असतो, आधी हात घालून बघा. असला तर अर्धं वायरिंग वाचतं.

बुलबारवर मात्र नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेचा जोर बंपर आणि चासीपर्यंत ठरल्याप्रमाणे पोचला तरच एअरबॅग वेळेवर उघडते, आणि पादचाऱ्याला पोलादी नळी बसली तर इजा कित्येक पटीने वाढते. बुलबारच बेकायदा असेल तर त्याच्यावरचे दिवे आणि अँटेनाही कारवाईत सापडणार. नंबर प्लेटसमोर दिवा किंवा विंचची पट्टी आली तर ते वेगळं प्रकरण होतं, तेही टाळा.

वायरिंग

५५ वॅटची जोडी म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला साधारण ९.२ अँपिअर. त्यासाठी लागेल: ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट, २.५ चौरस मिमीची ऑटो केबल, कोरुगेटेड पाइप, रिंग लग आणि स्विच.

बॅटरीच्या प्लसपासून १५–२० सेंमीच्या आत फ्यूज टाका. फ्यूजच्या अलीकडची तार घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. फ्यूजमधून तार रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ नंबरवरून दोन्ही दिव्यांना. ८५ अर्थला. ८६ ला पार्किंग लाइटचा सप्लाय स्विचमधून आणा. यामुळे पार्किंग, मागचा लाल दिवा आणि नंबर प्लेटचा दिवा लागल्याशिवाय फॉग लागत नाही. धुक्यात पुढे उजेड आणि मागे अंधार असलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही.

नव्या गाड्यांत पार्किंगच्या तारेला थेट टॅपिंग मारू नका. कंट्रोल युनिट तिथला करंट मोजत असतं किंवा सप्लाय तुकड्यातुकड्यांत देतं, मग रिले टकटक वाजतो किंवा डॅशबोर्डवर दिव्याची वॉर्निंग येते. फ्यूज बॉक्समधल्या पार्किंगच्या खाचेत ॲड-ए-सर्किट होल्डर (एका फ्यूजच्या जागी जादा फ्यूजची वाट काढून देणारा जोड) घाला. गाडीच्या तारांचा मूळ जुडगा म्हणजे हार्नेस कापला की वॉरंटीवरून वाद सुरू होतो, तोही टळतो.

तार बारीक घेतल्याने काय होतं? तीन मीटर अंतरावर १ चौरस मिमीची तार जाता-येता जवळपास एक व्होल्ट खाते आणि हॅलोजनचा प्रकाश साधारण पाव भागाने घटतो. मग मालक जास्त वॅटचा बल्ब घालतो आणि तार आणखी तापते. अर्थच्या जागी रंग खरवडून धातू उघडा करा, लग आवळा, वरून ग्रीस लावा. कोकणात हे टाळलं तर एका पावसाळ्यात गंज धरतो.

झोत लावणे

टायरमध्ये योग्य हवा, टाकी भरलेली, चालकाच्या सीटवर माणूस. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा आणि दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडा. फॉगच्या झोताची वरची कड त्या रेषेच्या १५ ते २० सेंमी खाली यायला हवी. दिवा ६० सेंमी उंचीवर असेल तर २० सेंमीच्या उताराने कड ३० मीटरवर, १५ सेंमीच्या उताराने ४० मीटरवर जमिनीला टेकते. फॉगचं काम तेवढंच असतं.

मग नियम १०६ ची कसोटी लावा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असेल तर तो दिपता कामा नये. तिथे टेपने खूण करून, डोळा त्या उंचीला आणून पाहा. दिव्याची काच नुसती उजळलेली दिसली तर ठीक, आतला बल्ब किंवा एलईडीचा ठिपका खुपत असेल तर दिवा आणखी खाली झुकवा. सगळ्या सीटवर माणसं आणि मागे सामान भरून पुन्हा बघा. मागचं सस्पेन्शन दबलं की पुढचे सगळे झोत वर उठतात.

मागच्या बाजूला नियम १०८ लागतो: पुढे लाल दिवा नाही, मागे लाल सोडून दुसरा नाही, इंडिकेटर आणि रिव्हर्सचा पांढरा दिवा वगळून. स्विचवर चालणारा मागचा पांढरा वर्क लाइट त्यामुळे रस्त्यावर बसत नाही. निळे-लाल लुकलुकणारे स्ट्रोब आपत्कालीन सेवांचे आहेत, त्यांना हातही लावू नका.

अँटेना

अँटेनाची काठी एकवेळ खपून जाईल, तिला जोडलेल्या रेडिओ संचावर मात्र कायद्याची बारीक नजर असते. नुसता एफएम किंवा जीपीएसचा अँटेना असेल तर काही प्रश्न नाही. बोलणारा म्हणजे प्रक्षेपण करणारा संच असेल तर दूरसंचार विभागाचे नियम लागू होतात.

परवान्याविना दोन पट्टे वापरता येतात. सिटिझन बँड, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ५ वॅट विकिरित म्हणजे अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती. आणि ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, ज्यात ताफ्याने जाणाऱ्यांचे छोटे वॉकीटॉकी येतात. परवाना नको म्हणजे मान्यता नको असं नाही. संचाला ईटीए म्हणजे इक्विपमेंट टाइप ॲप्रूव्हल लागतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे संच या सवलतीत बसत नाहीत. मान्य संचालाही लांबचा अँटेना जोडला की विकिरित शक्ती बदलते आणि सवलत जाऊ शकते. हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवानाधारकांनी १४४–१४६ मेगाहर्ट्झचा संच लावताना परवान्याची प्रत गाडीत ठेवावी. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा परदेशी सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगूच नका. गोव्यात दाबोळी विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये अशा यंत्रावरून एका परदेशी पाहुणीला पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं.

लांबीचा हिशेब सोपा आहे. पाव तरंगलांबीचा अँटेना ४४६ ला साधारण १७ सेंमी, १४५ ला अर्धा मीटर, २७ ला २.७५ मीटर. शेवटचा टपावर उभा केला तर १.८५ मीटर उंचीच्या गाडीची एकूण उंची ४.६ मीटर होते. रेल्वे फाटकावर वर २५,००० व्होल्टची तार असते, तिथे ही गंमत नको. २७ साठी गुंडाळीचा आखूड अँटेना घ्या, स्प्रिंगवर बसवा, टोकाला गोळी लावा.

जागा: डाव्या बाजूची बॉनेटची कड. समोरची नजर अडत नाही आणि अँटेनाला खाली लागणारी पत्र्याची 'जमीन' (ग्राउंड प्लेन) ही मिळते. अँटेनाची कोॲक्स केबल ए-पिलरमधून वर नेऊ नका, तिथे कर्टन एअरबॅग असते आणि उघडताना केबल तिला अडवते. केबल फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी ग्रोमेटमधून आत घ्या. बसवल्यावर एसडब्ल्यूआर (संचाची किती शक्ती अँटेनाकडून परत येते याचं माप) मोजा: १.५ च्या आत उत्तम, २ च्या वर असेल तर बोलूच नका, आधी अर्थ तपासा. दिवे लावल्यावर रेडिओत खरखर वाढली तर दोष बहुधा एलईडीच्या ड्रायव्हरचा असतो. त्याच्या तारांवर फेराइटचा मणी चढवा आणि अँटेनाची केबल दिव्याच्या वायरिंगपासून लांब न्या.

सगळं झालं की विमा कंपनीला लेखी कळवा. इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी पॉलिसीत वेगळी नोंदवता येते आणि तिच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता बसतो. नोंद नसेल तर अपघातात त्या दिव्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि वायरिंगने आग लागली तर सर्व्हेअर पहिला बोट दाखवतो तो याच कामाकडे. म्हणून दिव्याचं बिल, काचेवरच्या खुणेचा फोटो आणि वायरिंगचा कागदावर काढलेला नकाशा आरसीसोबत ठेवा.