सड्यावरची वंशावळ: बेडूक, देवगांडूळ आणि पालींच्या नोंदी कशा ठेवाव्यात

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कातळसडे, म्हणजे जांभ्या खडकाची उघडी पठारे, मे महिन्यात पाहिले, तर येथे काही जगत असेल यावर विश्वास बसत नाही. मृगाच्या सरी पडून गेल्या की त्याच कातळावरच्या डबक्यांतून बेडकांचा आवाज इतका दाटतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. या जिवांच्या नोंदी ठेवण्याची इच्छा असलेले विद्यार्थी, शिक्षक आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी हे टिपण आहे. नोंदवहीत एखाद्या प्राण्याचे नाव चुकले, तर ते पुढे दुरुस्त करता येते. ठिकाण चुकले किंवा मोघम लिहिले, तर ती नोंद वंशावळीच्या अभ्यासाला कायमची निरुपयोगी होते. असे का, हे आधी समजून घ्यावे.

नोंदवहीत पहिला भेद उभयचर की सरीसृप हा करावा, आणि तो दिसण्यावरून न करता वंशावरून करावा. पाण्यातून जमिनीकडे येणाऱ्या माशांच्या शाखेची साक्ष देणारा टिकटालिक हा जीवाश्म सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यानंतर सहा-सात कोटी वर्षांत सरीसृपांच्या पूर्वजांकडे असे अंडे आले की ज्याच्या आत गर्भाभोवती पाणी धरून ठेवणारे आवरण होते, आणि त्यांची वीण डबक्यापासून मोकळी झाली. बेडकांच्या वंशाला ही सोय मिळाली नाही. म्हणूनच बेडकाच्या नोंदीत पाण्याचे वर्णन अत्यावश्यक आहे: डबके की व्हाळ, पाणी वाहते की साचलेले, खोली किती, तळाशी माती आहे की उघडा कातळ. पाल किंवा सापसुरळीच्या नोंदीत हेच स्थान दगडाला, भेगेला आणि गवताला द्यावे.

उभयचरांचे आज तीन गण आहेत. त्यांपैकी सॅलमँडर भारतात फक्त पूर्व हिमालयाच्या बाजूला आढळतात, त्यामुळे कोकणात बेडूक आणि देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर) हे दोनच गण भेटतील. सरीसृपांत चिपळूणच्या वाशिष्ठीतील मगर, वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव आणि सड्यावरची पाल या तीन वेगवेगळ्या फांद्या आहेत. यांत मगरीचे सर्वांत जवळचे हयात नातलग पक्षी आहेत, पाली नव्हेत.

दिसण्यावर विसंबल्यास सर्वांत मोठी फसगत आगरात माती उकरताना होते. गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा हे तिन्ही एकाच आळ्यात सापडू शकतात, आणि घाबरून तिघांनाही मारले जाते. गांडुळाला जबडा नसतो. देवगांडुळाचे अंग ओलसर आणि वलयांकित असते, त्याला जबडा आणि दात असतात, आणि भिंगातून पाहिल्यास डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शिका दिसते. वाळा हा बिनविषारी साप असून त्याचे अंग कोरडे आणि चकचकीत खवल्यांचे असते. त्याच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट अशी की सगळे वाळे माद्याच असतात. नराशिवाय अंडी घालणारा आणि गुणसूत्रांचे तीन संच बाळगणारा हा साप कुंड्यांतील मातीबरोबर जगभर पसरला. एकच मादी नव्या ठिकाणी वसाहत उभी करू शकते, पण तिची पिल्ले जवळपास तिच्याच प्रती असतात. सर्वत्र आढळणारा प्राणी जनुकीयदृष्ट्या श्रीमंत असतोच असे नाही.

देवगांडुळाचे नेमके उलट आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावातून २००३ मध्ये गेगेनिओफिस शेषाचारी या जातीचे वर्णन झाले, आणि २००८ मध्ये असे प्रसिद्ध झाले की या जातीची मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. आशियातील देवगांडुळांत पिल्लांना थेट जन्म देण्याचे हे पहिले उदाहरण ठरले. या देवगांडुळाच्या कुलातील जवळचे नातलग हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी तुटले, त्याच सुमारास दख्खनचा लाव्हा उसळत होता, आणि त्याच लाव्हाच्या खडकाची झीज होऊन आपल्या पायाखालचा जांभा तयार झाला. चिऱ्याच्या खाणीशेजारी उभे राहून ही गोष्ट सांगितली, तर मुलांच्या ती लवकर लक्षात येते, असा माझा अनुभव आहे.

त्याच डोर्ले गावातून १९६३ मध्ये पांढऱ्या पट्ट्यांच्या एका लहान पालीचे वर्णन झाले होते. तिचे खवले इतके वेगळे होते की तिला घरातल्या पालींपासून दूरच्या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठेवले गेले. पुढे जनुकांच्या तुलनेतून ती हेमिडॅक्टिलस या, म्हणजे आपल्या भिंतीवरच्या पालीच्याच, प्रजातीत आली. रूप फसवू शकते, म्हणून वहीत रूपाचे वर्णन आणि ओळखीचा अंदाज हे दोन वेगळे रकाने ठेवावेत.

आता ठिकाणाचा मुद्दा. बेडकांच्या अभ्यासात मायटोकाँड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातील) १६एस या जनुकाचा एक तुकडा वाचला जातो, आणि दोन ठिकाणच्या बेडकांत त्या तुकड्यात ३ टक्क्यांहून अधिक फरक आढळला, तर त्या वेगळ्या जाती असाव्यात का हे पुढे तपासले जाते. हा केवळ इशारा असतो. शरीररचना, आवाज आणि पेशीकेंद्रातील जनुके पाहिल्याशिवाय निर्णय होत नाही, कारण मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो आणि वंशाची एकच बाजू सांगतो. मात्र अशा तपासणीतून एकाच नावाखाली दडलेल्या अनेक जाती वेगळ्या झाल्या आहेत. आंबोलीचा भेक झँथोफ्रायनी टायगरिना २००९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला आणि तो अतिशय लहान क्षेत्रात जगतो. आपल्या सड्यावरची नोंद पलीकडच्या सड्यावरच्या नोंदीहून वेगळी ओळखता आली नाही, तर असा भेद पुढे कोणालाच शोधता येणार नाही.

त्यामुळे प्रत्येक नोंदीत अक्षांश-रेखांश, मोबाइलने दाखवलेली मीटरमधील अचूकता, वाडीचे आणि सड्याचे स्थानिक नाव, तारीख, वेळ आणि पाऊस यांचा उल्लेख करावा. स्थानिक नाव टाळू नये. नकाशावर नसलेली नावे गावातल्या वयस्कर माणसांना विचारून लिहावीत. बेडकाचा आवाज किमान दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करावा आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात ठिकाण व वेळ सांगावी, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी तिची ओळख तिच्यासोबत राहते. छायाचित्रे वरून, बाजूने आणि पायाच्या बोटांमधील पडदा दिसेल अशी घ्यावीत. मिनर्व्हारिया या प्रजातीतील लहान बेडूक छायाचित्रावरून ओळखणे जाणकारांनाही अवघड जाते, म्हणून तेथे प्रजातीचेच नाव लिहून जातीची जागा रिकामी सोडावी. रिकामी जागा प्रामाणिक असते, आणि मला ती आत्मविश्वासाने लिहिलेल्या चुकीच्या नावापेक्षा फार मोलाची वाटते.

रात्री एकट्याने जाऊ नये. गमबूट आणि डोक्याला बांधायची विजेरी आवश्यक आहे, कारण फुरसे याच सड्यांवर राहते आणि ते कातळाच्या रंगात मिसळून जाते. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत हात घालू नये. दगड उचलायचाच असल्यास दूरची कड आपल्याकडे वळवून उचलावा, म्हणजे खाली काही असेल तर त्याला आपल्यापासून दूर निसटता येते, आणि तो दगड होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवावा. सुटा दगड हे सड्यावरच्या पालीचे घर आहे. उलटा टाकलेला दगड उन्हात वाळतो आणि ते घर मोडते. दुसऱ्या सड्यावर जाण्यापूर्वी बुटांचा चिखल धुऊन ते पूर्ण वाळवावेत, कारण बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड बुरशीचा रोग ओल्या चिखलातून पसरू शकतो. डास पळवणारे मलम लावलेल्या हाताने बेडकाला कधीही स्पर्श करू नये. त्याची कातडी ते शोषून घेते.

जनुकीय अभ्यासाची कितीही ओढ वाटली, तरी शेपटीचा तुकडा, अंडी किंवा गाडीखाली मेलेला प्राणी स्वतःहून गोळा करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली त्याची दुरुस्ती लक्षात घेता, नमुने घेणे हे वन विभागाच्या परवानगीने संशोधकांनी करायचे काम आहे. घाटरस्त्यावर मेलेल्या प्राण्याचे छायाचित्र आणि नेमके ठिकाण एवढे आपण देऊ शकतो, आणि तेही उपयोगी पडते.

पुढे एखाद्या संशोधकाने आपल्या भागाचा वंशवृक्ष दाखवला, तर शेजारी छापलेली दोन नावे जवळची समजू नयेत. दोन्ही फांद्या मागे नेऊन त्या कोणत्या फाट्यावर भेटतात ते पाहावे. फाटा जितका अलीकडचा, तितके नाते जवळचे. त्या फाट्यावरचा आकडा १०० च्या जवळ असेल, तर त्या जोडणीला पुराव्याचा चांगला आधार आहे. एकाच सड्यावरचे सगळे नमुने जवळजवळ एकसारखे दिसले, तर ती वस्ती लहान किंवा तुटक असण्याची शक्यता असते, आणि रोग किंवा पावसातील बदल यांपुढे ती अधिक दुबळी ठरू शकते.

नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जावी. कागदोपत्री पडीक ठरलेल्या सड्यावर चिरेखाणीचा प्रस्ताव आला, तर तेथे काय जगते हे दाखवणारा लेखी आधार गावाकडे असला पाहिजे. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकताना दुर्मिळ पालींचे नेमके ठिकाण झाकण्याची सोय वापरावी, आणि अचूक आकडे स्वतःच्या वहीत जपावेत. ज्या रात्री दोन तास फिरूनही काहीच दिसले नाही, त्या रात्रीचीही तारीख, वेळ, पाऊस आणि ठिकाण यांसह पूर्ण नोंद करावी.