स्लॅक की गिटार: तारा ढिल्या करण्याआधी

हवाईयन गिटार म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांब तारांवर सरकवत वाजवायची गिटार. जुन्या सिनेगीतांच्या धुना जिच्यावर वाजायच्या, ती. स्लॅक कीचं आणि तिचं गाव एक, घर वेगळं. इथे गिटार नेहमीसारखीच धरायची आणि बोटांनी छेडायची. बदलतं ते तारा मिळवणं. हवाईयन भाषेत याला ‘की होआलू’ म्हणतात, म्हणजे खुंटी ढिली करणं. १८३०च्या दशकात गुरं सांभाळायला आणलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर गिटार हवाईत आली. पुढे घरोघरी तारा मिळवण्याच्या तऱ्हा निघाल्या आणि आपल्याकडच्या घराण्यांच्या बंदिशींसारख्या त्या जपल्या, क्वचित लपवल्याही गेल्या. १९४०च्या दशकात हवाईयन गिटारवादक गॅबी पाहिनुई यांची ध्वनिमुद्रणं निघाली, तेव्हा कुठे हे वादन अंगणाबाहेर पडलं.

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे आठवड्याला एक ट्यूनिंग गोळा करणं. एकच घ्या: टारो पॅच. टारो म्हणजे आपला अळू, तेव्हा नाव झालं ‘अळूचं शेत’. जाड तारेपासून बारीक तारेकडे डी, जी, डी, जी, बी, डी. जीला, म्हणजे पांढरी पाचला सा मानलं तर प सा प सा ग प. तंबोरा कानात असलेल्याला हे पाठ करावंच लागत नाही.

नेहमीच्या ट्यूनिंगवरून (ई, ए, डी, जी, बी, ई) इथे यायला सहावी (सर्वांत जाड), पाचवी आणि पहिली (सर्वांत बारीक) या तीनच तारा दोन-दोन स्वर (सेमीटोन) उतरवायच्या. सहावी तार चौथीशी, पाचवी तिसरीशी आणि पहिली चौथीशी सप्तकात मिळते का ते ऐका. तार उतरवताना नेमक्या स्वरावर थांबू नका. थोडं खाली जा आणि चढवत स्वरावर या, नाहीतर खुंटीच्या दात्यांतली ढील राहते आणि दोन मिनिटांत तार आणखी उतरते. तीन तारांचा ताण कमी झाला की मान किंचित सैलावते आणि न हलवलेल्या तारा चढतात. म्हणून सगळ्या तारा दोनदा मिळवायच्या. खुंटी फिरवताना ‘टक’ असा आवाज आला तर तार नटच्या (मानेच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

दुसऱ्या तारेचा बी, म्हणजे गंधार, तंबोऱ्याशी मिळवायचा मोह आवरा. तंबोऱ्यातला गंधार फ्रेटच्या (मानेवरच्या पडद्याच्या) गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका सेमीटोनचे १०० सेंट) खाली असतो. मोकळ्या तारांवर तो मधाळ लागतो, पण त्याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर सी घेतला की सी कॉर्ड बेसूर होते. ही तार ट्यूनरवरच मिळवा.

आता अंगठा. जी कॉर्डवर तारांचा क्रम ५-४-६-४, डी सेव्हनवर ६-४-६-४. मेट्रोनोम ६० वर ठेवून नुसता अंगठा चालवा, बोलता बोलता चालला पाहिजे इतका. नेहमीची गफलत अशी: डी सेव्हन आली तरी अंगठा सवयीने मोकळ्या पाचव्या तारेवर जातो आणि खालून जी घुमत राहतो. सी कॉर्डला मात्र मोकळी पाचवी चालते (जी हा सीचा पंचम), सोबत चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर.

सुरावटीतला गोडवा बराचसा पहिल्या आणि तिसऱ्या तारेवरच्या जोडस्वरांतून येतो. तिसरी तार चौथ्या फ्रेटवर, पहिली पाचव्यावर: जी. तिसरी दुसऱ्यावर, पहिली चौथ्यावर: डी सेव्हन. तिसरी मोकळी, पहिली दुसऱ्यावर: सी. दोन बोटांत कधी एका फ्रेटचं अंतर, कधी दोन. हा फरक बोटांत मुरायला महिना लागला तरी हरकत नाही. मधली दुसरी तार अंगावर येते, तिला बोटाच्या पोटाने गप्प ठेवा.

टारो पॅच हाताला बसलं की जी वाहिने. वाहिने म्हणजे स्त्री. बदल एवढाच की तिसरी तार एक स्वर उतरून एफ शार्पवर येते. सरगमीत प सा प नी ग प. मोकळा निषाद हाताशी आला! डी सेव्हनला फक्त दुसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबायची. मग तेच बोट उचलून तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवलं की झाली जी. खरी गंमत त्या ठेवण्यात आहे: आधी मोकळी तिसरी तार छेडायची आणि ती वाजत असतानाच बोट वरून पाडायचं, याला हॅमर म्हणतात. नीवरून सा, एकाच आघातात. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून पडलं पाहिजे. मागे पडलं तर सा दबका येतो आणि आपण उगाच जोर लावतो. हाच हॅमर टारो पॅचमध्ये चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवरून पाचव्यावर घेता येतो, पण तिथे तो मोकळ्या तारेसारखा घुमत नाही. धून तीच राहते आणि तिचे अलंकार ट्यूनिंग ठरवतं, ते असं. जोडस्वरांची टारो पॅचमधली पाठ केलेली ठिकाणं मात्र इथे चुकतात, कारण तिसऱ्या तारेवरची प्रत्येक जागा एक फ्रेट पुढे सरकते.

टारो पॅचवरून सहावी तार आणखी दोन स्वर उतरवली की सी वाहिने: सी, जी, डी, जी, बी, डी. वाजवायचं सीमध्ये. चौथी आणि पहिली दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी पहिल्या फ्रेटवर, बाकी मोकळ्या. खर्ज भरदार मिळतो, पण खरी डोकेदुखीही तोच. चार स्वर उतरलेल्या तारेत मूळ ताणाच्या ६३ टक्केच ताण उरतो, त्यामुळे ती फ्रेटवर खरखरते आणि जोरात छेडली की सुरुवातीला चढी बोलते. १२ ते ५३च्या संचातली (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) ५३ची तार काढून ५६ची घाला आणि अंगठा हलका ठेवा. ‘नाहेनाहे’ म्हणजे मऊ, गोड, हाच या वादनाचा मापदंड आहे. तरीही खरखर राहिली तर मानेतला सळईचा स्क्रू स्वतः पिळत बसू नका, कारागिराकडे न्या.

सी माउना लोआ सगळ्यात शेवटी. सी, जी, ई, जी, ए, ई. वरच्या दोन तारांत पंचमाचं अंतर असल्यामुळे जोडस्वर शेजारच्या तारांवर येतात: दुसरी तार सातव्या फ्रेटवर, पहिली आठव्यावर, झाली सी. मधली तार गप्प करायची कटकट संपली. पण इथे चौथी तार डीवरून ई, म्हणजे दोन स्वर चढते आणि तिचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. जुनी, गंजलेली तार इथेच तुटते. म्हणून नेहमीच्या ट्यूनिंगवरून येताना आधी सहावी, पाचवी आणि दुसरी उतरवा, चौथी शेवटी चढवा. परतताना उलट: चौथी सर्वांत आधी उतरवायची, मग बाकीच्या चढवायच्या.