दाखल मुलाचा जंतुसंसर्ग औषधांना दाद देत नसेल तेव्हा : विदर्भातील पालक आणि आशाताईंसाठी मार्गदर्शन

विदर्भातल्या खेड्यातले आजारी मूल मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुधा दोन-तीन ठिकाणी थांबलेले असते. आधी गावातल्या डॉक्टरची सुई, मग तालुक्याला एखादी सलाइन, मग उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथून चिठ्ठी मिळाली की नागपूरचे मेडिकल, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा यवतमाळ-अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. यातल्या प्रत्येक मुक्कामी मुलाला कोणते ना कोणते अँटिबायोटिक मिळालेले असू शकते, पण शेवटच्या मुक्कामी असलेल्या डॉक्टरांना त्यातले काहीच ठाऊक नसते. जंतू औषधाला जुमानत नाहीत अशी शंका आली की हीच माहिती सर्वांत आधी लागते आणि ती पालकांखेरीज कोणाकडेही नसते. म्हणून तयारी घरातून निघतानाच करावी.

एका पिशवीत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, सिरपच्या बाटल्या, इंजेक्शनच्या कुप्या, सर्व चिठ्ठ्या आणि लसीकरणाचे कार्ड भरून घ्यावे. गावात सुई दिली असेल तर ती कशाची होती हे विचारावे. डॉक्टर नाव लिहून देत नसतील तर निदान कुपी मागून घ्यावी किंवा तिचा मोबाइलवर फोटो काढावा. कोणते औषध कोणत्या दिवसापासून दिले आणि शेवटचा डोस किती वाजता झाला, एवढे चिठ्ठीच्या मागे लिहिले तरी पुरेसे आहे. पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असा तिचा अर्थ होतो. काही ठरावीक अँटिबायोटिक विकताना औषध दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहावे, असा नियम 1 मार्च 2014 पासून लागू आहे. त्यामुळे पट्टी हरवली असली तरी दुकानातून नाव कळण्याची शक्यता असते.

घरगुती उपायही सांगावेत. नाळेवर काही लावले असेल, मेळघाटात होते त्याप्रमाणे पोट फुगलेल्या बाळाला चटके दिले असतील, तर तेही संकोच न करता सांगावे, कारण जंतू शरीरात कुठून शिरले असतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. डॉक्टर रागावतील या भीतीने पालक हे लपवतात, आणि खरे सांगायचे तर ही भीती अगदीच निराधार नसते. अशा वेळी आशाताईंनी सोबत जाऊन सांगितल्यास बरेच सोपे जाते.

नवजात बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, हातपाय ढिले सोडले, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक झाला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर वाट पाहू नये. 108 किंवा 102 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरावे.

दाखल झाल्यावर विचारण्याचा पहिला प्रश्न एकच आहे : रक्ताचे कल्चर पाठवले का? या तपासणीत सिस्टर किंवा डॉक्टर कातडी जंतुनाशकाने पुसतात, ती पूर्ण सुकू देतात आणि मग थोडेसे रक्त, लहान बाळात एक-दोन मिलिलिटर, थेट पोषक द्रव असलेल्या बाटलीत सोडतात. रक्तात जंतू असतील तर त्या द्रवात ते वाढतात आणि मग कोणते औषध त्यांना मारते हे प्रयोगशाळेत तपासता येते. हे रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घेतलेले सर्वांत उत्तम, कारण नंतर घेतले तर जंतू अर्धमेले होऊन वाढतच नाहीत आणि अहवालात 'वाढ नाही' असे येते, ज्याचा अर्थ संसर्ग नाही असा होतोच असे नाही. मात्र मूल फार गंभीर असेल तर कल्चरसाठी औषध थांबवून ठेवणे धोक्याचे असते. तेव्हा डॉक्टरांनी डोस आधी दिला तर त्यावर हुज्जत घालू नये.

पहिला निष्कर्ष साधारण एक-दोन दिवसांत येतो आणि अंतिम अहवालाला पाच दिवसही लागू शकतात. गर्दीच्या वॉर्डात हा कागद प्रयोगशाळेतच पडून राहणे नवलाचे नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या राउंडला त्याची विनम्रपणे चौकशी करावी. अहवालात जंतूचे नाव आणि औषधांची यादी असते. औषधापुढे 'एस' असेल तर ते लागू पडते, 'आर' असेल तर पडत नाही आणि 'आय' हे त्यांच्यामधले आहे. अहवाल पाहून डॉक्टरांनी मेरोपेनेमसारखे भारी औषध बंद करून साधे औषध सुरू केले, तर मुलाकडे दुर्लक्ष झाले असे समजू नये. नेमके आणि शक्य तितके साधे औषध देणे हाच चांगला उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 पासून अँटिबायोटिकचे तीन गट केले असून कोलिस्टिन आणि लिनेझोलिडसारखी औषधे शेवटच्या राखीव गटात ठेवली आहेत.

साध्या औषधांचे मोल गडचिरोलीने चांगले पाहिले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच आरोग्यसेविकांकरवी नवजात बाळांच्या जंतुदोषावर जेंटामायसिनची सुई आणि कोट्रायमोक्साझोलचे सिरप देऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. तो अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. ही स्वस्त औषधे निकामी झाली, तर घरपोच उपचाराचा तो मार्गही बंद होतो.

आता वॉर्डातील वागणुकीविषयी. नवजात कक्षात वारंवार आढळणारे क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जंतू हातांवरून, खाटेच्या कठड्यावरून आणि नळ्यांवरून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यांच्यापैकी काही औषध फोडून टाकणारे विकर (एन्झाइम) तयार करतात आणि ती क्षमता देणारे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडेही पोहोचते. 'एनडीएम-1' हे असेच एक विकर 2008 साली स्वीडनमधील एका रुग्णात प्रथम आढळले. त्या रुग्णावर आधी दिल्लीत उपचार झाले होते. शेजारच्या खाटेवरील बाळाला हात लावून आपल्या बाळाकडे वळणाऱ्या प्रेमळ मावशीलाही म्हणूनच थांबवावे लागते.

बाळाला हात लावण्यापूर्वी, लंगोट बदलल्यावर आणि खाटेच्या आसपास काही हाताळल्यावर हात धुवावेत. अंगठ्या काढाव्यात, बांगड्या मागे साराव्यात, आणि साबण लावून तळवे, हातांच्या मागच्या बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे व मनगटे चोळावीत. सगळे मिळून 40 ते 60 सेकंद लागतात. हात स्वच्छ दिसत असतील तर सॅनिटायझर चालतो, पण शी-शू किंवा माती लागली असेल तर साबण-पाणीच हवे. धुतलेले हात लुगड्याच्या पदराला पुसले तर सगळे वाया जाते. ते हवेत सुकू द्यावेत. मोबाइल बाळाच्या खाटेवर ठेवू नये. डॉक्टर किंवा सिस्टर हात न धुता बाळाला लावत असतील तर 'सिस्टर, हात धुतले का?' असे विचारण्यात काहीही वावगे नाही.

कॅन्युलाच्या, म्हणजे सलाइन-इंजेक्शनसाठी शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या, जागेवर आईची नजर सर्वांत चांगली असते. जागा लाल झाली, सुजली, गरम लागली किंवा हात हलवताच बाळ रडू लागले तर लगेच सांगावे. पट्टी ओली झाली तरी सांगावे. लघवीची पिशवी लावली असेल तर ती मुलाच्या कमरेपेक्षा खाली पण जमिनीला न टेकता टांगलेली असावी. दूध बाटलीने पाजू नये. आईचे दूध थेट किंवा वाटी-चमच्याने द्यावे. कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांच्या परवानगीने कांगारू पद्धतीने छातीशी धरल्यास संसर्गाचा धोकाही कमी होतो. मुलाला वेगळ्या खोलीत हलवले तर त्यात कमीपणा नाही, ती इतर मुलांसाठी घेतलेली खबरदारी असते.

खर्चाबाबत एवढे लक्षात ठेवावे : जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाची औषधे, तपासण्या आणि ने-आण मोफत असते. औषध बाहेरून आणायला सांगितल्यास आधी याची आठवण द्यावी. मोठ्या मुलासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे.

कापूस वेचणीच्या दिवसांत ताप उतरताच सुट्टी मागून घरी जाण्याची घाई होते. मजुरी बुडते, घरी दुसरी लेकरे असतात, हे खरे आहे. पण इंजेक्शनचा कोर्स अर्धवट राहिला तर आजार उलटू शकतो आणि पुन्हा दाखल करावे लागू शकते. स्वतःच्या जबाबदारीवर सही करून मूल नेण्यापेक्षा उरलेले डोस तोंडावाटे देता येतील का, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतील का, असे विचारावे. काही वेळा ते शक्य असते.

घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर जंतूचे नाव, दिलेली औषधे आणि किती दिवस दिली हे लिहून घ्यावे, आणि कल्चरच्या अहवालाची प्रत सोबत ठेवावी. औषधांना दाद न देणारे जंतू मुलाच्या आतड्यात काही महिने टिकून राहू शकतात, म्हणून पुढे कोणत्याही आजारात डॉक्टरांना हे कागद दाखवावेत आणि घरी लंगोट बदलल्यावर हात धुण्याची सवय चालू ठेवावी. उरलेले सिरप धाकट्याला देऊ नये, कारण डोस वजनावर ठरतो. साध्या जुलाबासाठी अँटिबायोटिक मागू नये. ओआरएस द्यावे आणि झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्याव्यात.

जेंटामायसिन किंवा अमिकासिन दिले गेले असेल तर कानांवर परिणाम होण्याची शक्यता असते, आणि कोलिस्टिन दिले असेल तर मूत्रपिंडावर. अशा बाळाची श्रवण तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात करून घ्यावी, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पुन्हा केव्हा तपासायचे याची तारीख रुग्णालयातून निघण्यापूर्वीच कार्डावर लिहून घ्यावी.