फुकटचं चॅट आजारी पडलं की सामान बाहेर कसं काढायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात स्टेशन रोडवर २००३ साली मी सायबर कॅफे काढलं. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स, जमिनीच्या पहाणीचे उतारे आणि सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे अर्ज चालतात. आठ कॉम्प्युटरांपैकी दोन उरले. त्या काळी तासाला २५ रुपये देऊन पोरं याहूच्या चॅटरूममध्ये बसायची. समोरच्यानं वय, गाव विचारलं की वय वाढवायची आणि गाव गोवा सांगायची. त्या रूम डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाल्या. याहूचा मेसेंजरच १७ जुलै २०१८ ला गेला. हाईक आपल्याच देशातलं, तेही जानेवारी २०२१ मध्ये गेलं. १९९६ पासून चालू असलेलं आयसीक्यू २६ जून २०२४ ला संपलं आणि स्काईप ५ मे २०२५ ला. एवढी मयतं बघितलेल्या माणसाला घरातला पेशंट ओळखता यायला पाहिजे होता. मला उशीर झाला, म्हणून हे लिहितोय.

आमच्या भावकीचा ६१ जणांचा ग्रुप २०१२ पासून एका फुकटच्या चॅटवर होता. नाव घेत नाही. ते निवडलं तेव्हा त्याला फोन नंबर लागायचा नाही, बटणाच्या फोनवर चालायचं, कॉम्प्युटरवरही उघडायचं. मंडळी पुण्यात, गोव्यात म्हापशाला, बेळगावच्या उद्यमबागेत आणि निम्मी गावात. गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीकडं. तिथून आप्पाकाका रोज सकाळी पावसाची खबर टाकायचे: किती पडला, ओढ्याच्या साकवावर पाणी आहे का. गोव्याहून चोर्ला घाटातून येणारे आमचे लोक ती वाचूनच गाडी काढायचे. आणि आत्ती आवाजात ओव्या टाकायची. तिला लिहिता येत नाही, पण माइकचं बटण दाबून धरायला ती दोन मिनिटांत शिकली.

आजाराची लक्षणं आधी सांगतो, कारण सगळे फसतात ते इथंच. नोटीस येईल तेव्हा बघू, असं वाटतं. नोटीस शेवटी येते. स्काईपची फेब्रुवारीच्या अखेरीस आली आणि मेच्या सुरुवातीला दुकान बंद, म्हणजे जेमतेम नऊ आठवडे. त्याच्या कितीतरी आधीपासून अंग मोडायला लागलेलं असतं. आमच्याकडं पहिल्यांदा शोध बिघडला. 'साकव' लिहून शोधलं तर गेल्या दोन महिन्यांचंच सापडायचं. मग निरोपांच्या मधोमध जाहिराती घुसल्या. आत्तीचा फोन आला: "आरं, मी ओवी टाकली तर तिच्या बुडाला केसांचं तेल आलंय. मी कुटं तेल मागितलं?" मग तीन महिन्यांपूर्वीच्या आवाजी निरोपांवर कुलूप आलं, पैसे भरले तर उघडणार. मग अनोळखी नावं आत येऊन गुंतवणुकीच्या लिंका टाकायला लागली. तक्रार केली की मशीनचं उत्तर यायचं: आपला अभिप्राय मोलाचा आहे.

आपली मंडळी चिडली. पुण्याचा एक पुतण्या तर रोज ग्रुपवर कंपनीला शिव्या घालायचा. कंपनी तो ग्रुप वाचत नव्हती, आत्ती वाचून घेत होती. मला विचाराल तर राग खरा होता, पण सर्व्हरचं बिल कोणीतरी भरत असतं आणि बारा वर्षांत ते आम्ही भरलं नव्हतं. जाहिरातीनं भागलं नाही की कंपनी कुलूप लावते, कुलपाला कंटाळून माणसं जातात, माणसं गेली की जाहिरातीही जातात. या रहाटगाडग्यात शिरलेलं चॅट परत धडधाकट झालेलं मी तरी बघितलेलं नाही. यातली दोन लक्षणं एकदम दिसली की त्याच रविवारी कामाला लागा.

पहिलं काम: कोणाला काही सांगू नका. हे विचित्र वाटेल. पण 'आपण दुसरीकडं जाणार' असं जाहीर केलं की निम्मे लोक त्याच रात्री बाहेर पडतात, काही जण खातं पुसतात, आणि कित्येक ठिकाणी खात्याबरोबर त्यांनी टाकलेले फोटोही जातात. आमच्या एका वैनींनी उत्साहाच्या भरात तेच केलं. २०१६ च्या वास्तुशांतीचे फोटो फक्त त्यांनीच टाकले होते. आधी सामान, म्हणजे जुने निरोप, फोटो आणि आवाज, बाहेर काढा, मग दवंडी पिटा.

सामान काढायचे मार्ग चॅटप्रमाणं वेगळे. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपच्या मेनूत 'एक्स्पोर्ट चॅट' असतं, फोटोंसकट किंवा नुसता मजकूर. जुना ग्रुप असेल तर दोन्ही वेगवेगळं काढा, कारण निघणाऱ्या निरोपांना मर्यादा असते आणि फोटोंसकट काढलं तर कमी निरोप निघतात. टेलिग्राममध्ये हे काम कॉम्प्युटरवरच्या ॲपमधून होतं. फाइल निघाली म्हणून खूश होऊ नका, उघडून पहिल्या ओळीची तारीख बघा. ग्रुप २०१२ चा आणि पहिली ओळ २०२१ ची असेल तर नऊ वर्षं आतच राहिली.

आमच्या चॅटला अशी सोयच नव्हती. मग कॉम्प्युटरवर ग्रुप उघडला आणि वर वर सरकत गेलो. जुना मजकूर तुकड्या-तुकड्यानं यायचा. पेज-अप दाबायचं, चक्र फिरायचं, थोडं दिसायचं. दहा मिनिटांत बोट दुखलं. दुकानातला स्टेपलर त्या बटणावर ठेवला आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा २०२२ ची चतुर्थी दिसत होती. तीन रात्री असं चाललं. दर वर्षाच्या टप्प्याला थांबून पान सेव्ह करायचं, नाहीतर ब्राउझर लटकतो आणि परत आजपासून सुरुवात. दुसऱ्या रात्री हेस्कॉमनं दीड वाजता लाइट काढली आणि माझं २०१८ गेलं. यूपीएसची बॅटरी मेलेली हे मला ठाऊक होतं. तुम्ही लॅपटॉप वापरा.

फोटो आणि आवाज वेगळे उतरवावे लागतात. कुलपामागच्या ओव्यांसाठी मी एक महिन्याचे पैसे भरले. पुतण्या म्हणाला, काका तुम्ही त्यांना पैसे दिलात? दिले. आत्ती त्र्याऐंशीची आहे. मात्र पैसे भरताना यूपीआयवर ऑटोपे लागतं, ते काम झाल्यावर यूपीआय ॲपमध्ये जाऊन रद्द करा. चॅट फोनमधून काढून टाकलं म्हणजे दर महिन्याची कापणी थांबते असं नाही. माझ्या दुकानात आठवड्याला एक तरी माणूस हे रडगाणं घेऊन येतो.

आता उतरवलेली फाइल उघडली आणि मराठीच्या जागी टोप्या-टिंबं घातलेली परकी अक्षरं दिसली, तर घाबरून पुसू नका. मजकूर शाबूत असतो, उघडणाऱ्या प्रोग्रॅमनं लिपीचा संकेत चुकीचा धरलेला असतो. उघडताना 'एन्कोडिंग' विचारेल तिथं यूटीएफ-८ निवडा. एक्सेलमध्ये फाइलवर डबल क्लिक करू नका. 'डेटा' मधून मजकुराची फाइल आत घ्या आणि ६५००१ क्रमांकाचा यूटीएफ-८ पर्याय द्या. लगेच 'साकवावर पाणी' वाचता येतं. तारखाही तपासा. काही फाइलींत महिना आधी असतो; ७/८ म्हणजे आमच्याकडं ७ ऑगस्ट की ८ जुलै, यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. आप्पाकाकांच्या पावसावरून उलगडलं.

आवाजाच्या फाइली बहुधा ओपस नावाच्या प्रकारात असतात. साध्या प्लेअरनं नाही वाजल्या तर व्हीएलसी टाका, फुकट आहे आणि मागं लागत नाही. फाइलींची नावं लगेच बदला, नंतर कोणी करत नाही. नाव वर्षापासून सुरू करायचं, मग महिना, दिवस, माणूस, विषय: '२०१९-०७-१२ आत्ती भातलावणीची ओवी'. वर्ष पुढं असलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. चॅटमधून गेलेल्या फोटोच्या पोटातली तारीख बऱ्याचदा पुसलेली असते, म्हणून नावातच लिहिलेली बरी. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. आमच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा. वर्षातून एकदा लावून बघा.

नवीन घर कुठलं, यावर पोरांचं भांडण जुंपलं. एक म्हणाला सिग्नल घेऊया, ते नफ्यासाठी चालत नाही, देणग्यांवर चालतं. खरंच चांगलं आहे. दुसऱ्याला टेलिग्राम पाहिजे. मी एवढंच विचारलं: आत्तीच्या फोनमध्ये जागा किती? फोनमध्ये नवीन ॲपला जागाच नव्हती आणि व्हॉट्सॲप आधीपासून होतं. विषय संपला. ग्रुपमधला सगळ्यात अडाणी फोन जिथं पोचतो तिथं जायचं. फक्त तिथूनही सामान बाहेर काढता येतं का, एवढं पहिल्या दिवशी बघून घ्या, आणि दर दिवाळीला काढत जा. ते घरही भाड्याचंच आहे.

माणसं हलवणं सगळ्यात जड, आणि त्यात आमच्या सीमेची एक गंमत आहे. मोबाइल कंपन्यांनी देश सर्कलमध्ये वाटलेला, त्यात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. पुणे, कोल्हापूर, गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. ३ जुलै २०१५ पासून देशभर तोच नंबर नेता यायला लागला, त्याआधी पुण्याला गेलेल्यानं तिकडचं सिम घेतलं की जुना नंबर ट्रंकेत. आमच्या चॅटनं मधे कधीतरी नंबर मागितला होता, तो कित्येकांनी तेव्हाचा दिलेला. आता आत शिरायचं तर ओटीपी त्या मेलेल्या नंबरवर. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही आणि शिल्लकही नसली की बंद होतं, पुढं ते दुसऱ्याला मिळतं. म्हणून ज्यांचं खातं अजून उघडं आहे, त्यांना आधी नंबर बदलून घ्यायला लावा. एकदा बाहेर पडलात की आत जाणं नाही.

हे फोनवरून समजावत बसू नका. मी तीन दिवस प्रयत्न केला. "वरचे तीन ठिपके दाबा" म्हटलं की आप्पाकाका म्हणायचे, "ठिपके न्हाईत की रे, हितं मुंगी हाय." खरोखरच मुंगी होती. शेवटी गणेश चतुर्थीची वाट बघितली. आमच्याकडं चतुर्थीला पुण्या-गोव्याची माणसं हमखास घरी येतात. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर पडवीत पाट टाकून बसलो आणि एकेकाचा फोन हातात घेतला. रेंज नव्हती, तर टेकावर गेलो. ओटीपीच्या मेसेजला इंटरनेट लागत नाही, एक काडी दिसली तरी तो येतो. दोन तासांत २३ माणसं झाली. उरलेल्यांना पोरांनी वाटून घेतलं.

तेव्हाच सगळ्यांना तोंडी एक गोष्ट सांगा, लेखी कोणी वाचत नाही. चॅट बंद पडायला लागलं की चोर जागे होतात. 'तुमचं खातं बंद होणार, ही लिंक दाबा, ओटीपी सांगा' असे फोन येतात, आता कन्नड आणि मराठी दोन्हीत. ओटीपी पडवीत शेजारी बसलेल्या पुतण्याच्या हातात द्यायचा, फोनवरच्या साहेबाला नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० ला फोन करायचा.

जुना ग्रुप त्याच दिवशी मोडू नका. वर नवीन पत्ता चिकटवा आणि निदान एक पावसाळा तसाच ठेवा, कारण कोणीतरी दुबईत असतो, कोणीतरी रुसलेलं असतं. मग प्रत्येकानं सेटिंगमध्ये जाऊन खातं पुसायचं. नुसतं ॲप काढलं तर नंबर, फोटो सगळं त्यांच्याकडं राहतं. माझं मी अजून पुसलेलं नाही. आप्पाकाका नवीन ग्रुपमध्ये आहेत, आत्तीच्या ओव्या तिथं ऐकतात, पण सकाळी साडेसहाला त्यांचा हात जुन्याच ठिकाणी जातो. जाहिरातींच्या मधे त्यांची ओळ येते, मी ती उचलून इकडं चिकटवतो. आजची: 'रात्री पाऊस मोठा. साकवावर गुडघाभर पाणी. दुपारपर्यंत कोणी निघू नये.'