सामन्यांच्या निकालांचा डेटाबेस असा बांधा, आणि टायब्रेकर वेगळा ठेवा

दिवाळी झाली की कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलची संघबांधणी सुरू होते आणि एखादा पोरगा उत्साहानं म्हणतो, "यंदा सगळे निकाल एक्सेलमध्ये ठेवतो." मार्चपर्यंत त्या शीटमध्ये 'पाटाकडील', 'पाटाकडील तालीम' आणि 'पीटीएम' असे एकाचेच तीन संघ झालेले असतात. मग एकूण विजय किती, याला तीन उत्तरं येतात. अशा वेळी "अजून एक कॉलम वाढव" असा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. शीट बंद करा आणि डेटाबेस बांधा, एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे.

त्यासाठी एसक्यूलाइट हा डेटाबेसचा प्रोग्राम पुरेसा आहे. तो फुकट आहे, सर्व्हर लागत नाही आणि सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. वीस वर्षांचे सामने भरले तरी ती फाइल मोबाइलमधल्या एखाद-दुसऱ्या फोटोएवढीच होईल. तो माउसनं हाताळता यावा म्हणून 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' उतरवून घ्या आणि नवीन डेटाबेस तयार करा.

पहिलं टेबल संघांचं: क्रमांक आणि नाव. नावाला 'युनिक' लावा, म्हणजे तेच नाव दुसऱ्यांदा घेतलं जाणार नाही. संघाचं नाव पूर्ण डेटाबेसमध्ये इथं एकदाच लिहायचं, बाकी सगळीकडे फक्त क्रमांक. 'अ' आणि 'ब' संघ मात्र वेगळ्या ओळीत, कारण ते वेगळे खेळतात. स्पर्धांचं टेबल असंच, त्यात हंगाम जोडा. खेळाडूंच्या टेबलात संघाचा कॉलम ठेवू नका. पोरं पुढच्या हंगामात दुसऱ्या तालमीकडून उतरतात आणि तुम्ही संघ बदलला की त्यांचे जुने गोलही नव्या संघाच्या नावावर दिसू लागतात. त्यासाठी 'नोंदणी' नावाचं छोटं टेबल करा: खेळाडू, संघ, हंगाम.

आता सामन्यांचं टेबल. माझं पहिलं पूर्ण वर्ष इथंच वाया गेलं, म्हणून हा भाग घाईनं वाचू नका.

एक सामना म्हणजे एकच ओळ. दोन्ही संघांसाठी दोन ओळी करा असं सांगणारे भेटतील, कारण गुणतक्ता काढायला ते सोपं जातं. करू नका. एका ओळीत २-१ आणि दुसरीत १-३ अशी चूक कधीतरी होणारच आणि मग खरं कुठलं ते कुणाला आठवणार नाही. कॉलम असे: क्रमांक, स्पर्धा, तारीख, संघ१, संघ२, गोल१, गोल२, टाब्रे१, टाब्रे२, स्थिती. टाब्रे म्हणजे टायब्रेकर, बरोबरीनंतर निकालासाठी मारलेल्या पेनल्टी किक.

शाहू स्टेडियमवरून परतताना डायरीत आपण लिहितो, '१-१, टाब्रे ५-४'. पहिल्या वर्षी मी हे बेरीज करून ६-५ असं भरत गेलो. हंगामाच्या शेवटी संघाचे गोल आणि खेळाडूंच्या नावावरचे गोल जुळेनात. दोन रात्री डायऱ्या पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा कळलं, एका खेळाडूच्या नावावर टायब्रेकरच्या तीन किक गोल म्हणून चढल्या होत्या. सर्वाधिक गोलच्या बक्षिसासाठी मी त्याचंच नाव देऊन बसलो होतो. खरा हक्कदार दुसराच मुलगा होता. त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, पण बक्षीस वाटून झालं होतं.

फुटबॉलच्या नियमात ही गोष्ट स्पष्ट आहे. जादा वेळेतले गोल निकालात धरतात, टायब्रेकरचे धरत नाहीत. तो सामना १-१ असाच राहतो, किकवरून फक्त पुढं कोण जाणार ते ठरतं. म्हणून गोल१ आणि गोल२ मध्ये १ आणि १, टाब्रे१ आणि टाब्रे२ मध्ये ५ आणि ४. टाब्रे१ ला 'चेक'ची अट घाला: हा कॉलम रिकामा असावा, नाहीतर गोल१ आणि गोल२ सारखे असावेत. टाब्रे२ लाही तीच अट. मग दमून रात्री अकराला नोंद करतानाही गोल ६-५ आणि टाब्रे ५-४ अशी चूक आत शिरत नाही. संघ१ आणि संघ२ एकच नसावेत, ही अटही तिथंच घाला.

शून्य आणि रिकामं यांची गल्लत अजिबात नको. ०-० म्हणजे सामना झाला, गोल झाला नाही. सामनाच व्हायचा असेल तर गोलचा रकाना 'नल' राहू द्या, नाहीतर पुढच्या आठवड्याचा सामना आजच बरोबरीत धरला जाऊन दोघांना एकेक गुण मिळतो. वॉकओव्हर किंवा अर्धवट थांबलेला सामना 'स्थिती'मध्ये लिहा. तारीख २०२५-०१-१५ अशीच, वर्ष आधी. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकार नाही, त्यामुळे आपल्या सवयीनं दिवस आधी लिहिला तर क्रम लागत नाही.

सामन्याच्या ओळीतला संघ क्रमांक संघांच्या टेबलात खरंच आहे का, या जोडणीला 'फॉरेन की' म्हणतात. एसक्यूलाइट ती आपणहून तपासेलच असं नाही. डीबी ब्राउझरच्या 'एडिट प्रॅग्माज' टॅबमध्ये 'फॉरेन कीज'वर खूण आहे का बघा, नाहीतर अस्तित्वात नसलेला संघ क्रमांक ९९ सुद्धा गुपचूप स्वीकारला जातो.

गोलांचं टेबल: सामना, खेळाडू, कोणत्या संघाच्या खात्यात, मिनिट, स्वयंगोल आहे का.

गुणतक्ता कधीही हातानं भरू नका. त्याचा 'व्ह्यू' करा, म्हणजे नोंदींवरून आपोआप निघणारा तक्ता: प्रत्येक सामना एकदा संघ१ च्या बाजूनं, एकदा संघ२ च्या बाजूनं वाचायचा, दोन्ही याद्या 'युनियन ऑल' या आज्ञेनं एकाखाली एक जोडायच्या, विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण. गोलचा रकाना नल असलेले सामने वगळायचे.

नोंद एकानंच करायची. फाइलची प्रत दर सामन्यानंतर तारीख घालून पेनड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवर फाइल फिरवली की शेवटची कुठली हेच कळेनासं होतं.

हंगाम सुरू होण्याआधी गेल्या वर्षीच्या डायरीतले दहा सामने भरून बघा. त्यात एक ०-०, एक टायब्रेकर, एक वॉकओव्हर आणि एक स्वयंगोल हवाच. वहीवर हातानं काढलेला तक्ता आणि व्ह्यू शेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून बघा आणि जुळल्यावरच यंदाचा पहिला सामना भरा.