स्क्रीनवर १२ मिलिमीटर, जमिनीवर सव्वा मीटर: जीपीएस मोजणीतल्या या चुका टाळा

पुरंदर तालुक्यात एका माळावर कुंपणाचं काम होतं. कंट्रोलरवर (जीपीएस यंत्राच्या हातातल्या पडद्यावर) प्रत्येक बिंदूपुढे आडवी अचूकता ०.०१२ मीटर अशी येत होती. दोन खुंट्यांमधलं अंतर टेपनं तपासलं, जुळलं. कर्ण घेतले, तेही जुळले. दोन दिवसांनी शेजारच्या गटाचे आधीचे बिंदू त्याच नकाशावर चढवले, तेव्हा आमची अख्खी कुंपणरेषा शेजाऱ्याच्या बांधात सव्वा मीटर घुसलेली दिसली. यंत्र ठणठणीत होतं, उपग्रहही जागेवर होते. सकाळी घाईत बेस (एका जागी स्थिर ठेवायचा रिसीव्हर) लावताना मी ‘हिअर’चं बटण दाबलं होतं, एवढंच.

‘हिअर’ म्हणजे बेसनं स्वतःच अंदाजानं ठरवलेली जागा. एकट्या रिसीव्हरचा हा अंदाज एक-दोन मीटरनं, कधी त्याहून जास्त चुकतो. आरटीकेचा, म्हणजे जागेवरच सेंटिमीटरात माप देणाऱ्या या पद्धतीचा, सगळा डोलारा बेसवर उभा असतो. बेसला आपली जागा माहीत आहे असं धरून तो उपग्रहांच्या सिग्नलमधली चूक काढतो आणि रोव्हरला, म्हणजे पोलवर घेऊन फिरायच्या रिसीव्हरला, कळवतो. बेसच सव्वा मीटर बाजूला असेल, तर रोव्हरचा प्रत्येक बिंदू इमानेइतबारे तेवढाच बाजूला पडतो. स्क्रीनवरचे १२ मिलिमीटर खरेच होते, पण ते बेसपासूनच्या मापाचे. पृथ्वीवर बेस कुठे आहे, याची हमी त्या आकड्यात नसते.

या कामातल्या बऱ्याच मोठ्या चुका याच जातीच्या असतात. सगळं काम एकसारखं सरकतं, त्यामुळे आतल्या आत कितीही तपासलं तरी चूक सापडत नाही. सापडते ती बाहेरच्या एखाद्या पक्क्या बिंदूवर पोल टेकवल्यावरच. म्हणून काम सुरू करताना एकदा आणि गुंडाळताना एकदा, असा ज्ञात बिंदूवर रोव्हर लावायचा. कॉर्सवरून, म्हणजे कायम चालू असलेल्या पक्क्या बेस-स्टेशनांवरून, दुरुस्ती घेत असलात तरीही. पाच मिनिटांचं काम आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं.

उंची: सगळ्यात महागात पडणारी चूक

अलिबागच्या किनाऱ्यावर, लाटा पायाला लागतील असं उभं राहून रिसीव्हरची कच्ची उंची बघा. उणे ६० ते ७० मीटरच्या दरम्यानचा आकडा दिसेल. नवी पोरं घाबरतात, यंत्र बिघडलं म्हणतात. यंत्र बरोबर असतं. उपग्रहांवरून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती एका गणिती गोळ्यापासूनची असते, म्हणजे डब्ल्यूजीएस८४ या लंबगोलापासूनची. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर मानलेली आहे. समुद्राचं पाणी हा गोळा मानत नाही. ते गुरुत्वाकर्षणाप्रमाणे बसतं आणि त्या पातळीला जिऑइड म्हणतात. आपला भाग या बाबतीत जगावेगळा आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड लंबगोलाच्या १०० मीटरहून जास्त खाली जातो. जिऑइडमधला पृथ्वीवरचा तो सर्वांत खोल खड्डा, आणि त्याचाच उतार आपल्या कोकणापर्यंत आलेला आहे.

६० मीटरची चूक निदान डोळ्यांत भरते. खरी फसवणूक पुढच्या पायरीवर होते. कोणीतरी म्हणतं, “फरक ६५ आहे ना? मग सगळ्या उंचीत ६५ मिळवून टाका.” एका वाडीपुरतं ते चालूनही जाईल. पण जिऑइड स्वतःच तिरका आहे, त्यामुळे हा फरक दर किलोमीटरला काही सेंटिमीटर बदलू शकतो. कालव्याला १:५००० चा उतार दिला तर किलोमीटरला जेमतेम २० सेंटिमीटर खाली जायचं असतं. त्यातले चार-पाच सेंटिमीटर असे हरवले आणि कालवा १० किलोमीटरचा असला, तर शेवटच्या शेतकऱ्याला पाणी का पोचत नाही याचं उत्तर कागदावर कुठेच सापडणार नाही.

रिसीव्हरमध्ये ईजीएम२००८ सारखं जिऑइडचं मॉडेल टाकता येतं. ते टाकाच. पण हे मॉडेल भारतात सगळीकडे सेंटिमीटरपर्यंत बिनचूक आहे असं समजू नका. पाण्याचं काम असेल तर परिसरातल्या दोन-तीन बेंचमार्कवर (उंची पक्की ठरवलेल्या खुणांवर) रोव्हर लावून मॉडेल किती हुकतंय ते काढा, आणि नाजूक उतारासाठी सरळ लेव्हल मशीन वापरा. बेंचमार्कची उंची कुठल्या समायोजनातली (देशभरच्या उंचींच्या एकत्रित हिशेबातली) आहे हेही बघा. आपल्याकडचे जुने बेंचमार्क १९०९ च्या समायोजनातले. भरती-ओहोटी मोजणाऱ्या नऊ केंद्रांवर ते बेतलं होतं, त्यात मुंबईचं अपोलो बंदर होतं आणि कराचीही होतं.

मॉडेल चालू आहे की बंद याचा अंदाज घ्यायचा असेल तर जवळचं रेल्वे स्टेशन गाठा. पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तुमचा आकडा तिच्यापेक्षा ६०-६५ मीटरनं कमी येत असेल तर तुम्ही अजून लंबगोलावरच आहात. पाटीला बेंचमार्क मात्र समजू नका.

एव्हरेस्टची ८८४८.८६ मीटर ही उंची नेपाळ आणि चीननं डिसेंबर २०२० मध्ये मिळून जाहीर केली, तिच्यातही हीच मेख होती. शिखरावर रिसीव्हर लावला की लंबगोलापासूनची उंची मिळते. बर्फाच्या त्या टोकाखाली जिऑइड कुठे आहे हे ठरवायला गुरुत्वाकर्षणाची वेगळी मोजणी करावी लागली.

‘फिक्स’ दिसलं की पोल उचलायचा नाही

जीपीएसच्या एल१ लहरीची लांबी साधारण १९ सेंटिमीटर. उपग्रहापासून रिसीव्हरपर्यंत अशा पूर्ण लहरी किती बसल्या, ही संख्या यंत्राला पक्की सुटली की ते ‘फिक्स’ म्हणतं. सुटली नसेल तर ‘फ्लोट’. फ्लोटवर बिंदू घ्यायचा नाही हे सगळ्यांना पाठ असतं. खोटा फिक्स मात्र कोणी शिकवत नाही.

बांधावर जांभळीचं मोठं झाड आहे आणि हद्दीचा दगड नेमका खोडाला लागून. पोल उभा केलात, बबल मध्ये आणलात. फ्लोट, फ्लोट, फ्लोट, आणि अचानक फिक्स. पानांतून आणि खोडावरून उसळून आलेल्या सिग्नलमुळे यंत्रानं एखाद्या उपग्रहाची लहरसंख्या चुकीची धरली, तरी स्क्रीन हिरवीच दिसते आणि अचूकता सेंटिमीटरातच. बिंदू मात्र दोन-तीन विती बाजूला गेलेला असू शकतो.

यावर उपाय जुनाच आहे. अँटेना क्षणभर झाकून किंवा उलटी करून फिक्स तोडायचा, परत येऊ द्यायचा आणि बिंदू पुन्हा घ्यायचा. दोन्ही वेळा दोन-तीन सेंटिमीटरात आला तर ठीक. अर्ध्या-एक तासानं पुन्हा घेतलात तर उत्तम, कारण तोवर उपग्रह सरकलेले असतात. एका मिनिटात ६० वाचनं घेऊन सरासरी काढण्याचा काही उपयोग नाही, कारण त्या मिनिटभरात चूक तीच असते. तुम्ही फक्त तिची सरासरी काढता. आणि झाड फारच दाट असेल तर उघड्यावर दोन बिंदू घ्या आणि तिथून टोटल स्टेशननं (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रानं) दगड गाठा. यात कमीपणा वाटून घेऊ नका.

पोलच्या उंचीचंही तेच. कंट्रोलरमध्ये २.०० आणि पोल १.८० वर, असं झालं की दिवसभराच्या उंचीत २० सेंटिमीटर गेले. ट्रायपॉडवर बेस असेल तर टेप तिरका धरलाय की सरळ, हे फील्डबुकात लिहा.

जमिनीवर १०० मीटर, नकाशावर ९९.९६

“टेप आणि जीपीएस जुळत नाहीत,” ही तक्रार दर महिन्याला कोणीतरी घेऊन येतं. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. यूटीएम प्रक्षेपणात (गोल पृथ्वी झोन पाडून सपाट कागदावर आणायच्या पद्धतीत) प्रत्येक झोनच्या मध्य रेखावृत्तावर मापं मुद्दाम ०.९९९६ पटीनं आखूड केलेली असतात. महाराष्ट्राचा बराचसा भाग झोन ४३ मध्ये येतो आणि त्याचं मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व. म्हणजे अहिल्यानगरच्या आसपास जमिनीवरचा किलोमीटर कागदावर ४० सेंटिमीटरनं कमी भरतो. पुण्यात ही तूट २२ सेंटिमीटरच्या आसपास. मुंबईत गंमत उलटी आहे, तिथे किलोमीटरला २० सेंटिमीटर वाढतात. वर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा परिणाम वेगळा. पुण्याच्या उंचीवर तो आणखी आठेक सेंटिमीटर कमी करतो. अहिल्यानगरकडे एकरामागे ३५ चौरस फूट असेच कागदावर गायब होतात. भावकीच्या वाटणीत ३५ चौरस फूट म्हणजे काय हे मोजणीवाल्याला सांगायला नको. कंट्रोलरमध्ये ‘ग्रिड’ऐवजी (नकाशावरच्या अंतराऐवजी) ‘ग्राउंड’ (जमिनीवरचं) अंतर निवडायची सोय असते, आणि अहवालात त्यातलं कोणतं दिलंय हे एका ओळीत लिहायचं असतं.

विदर्भात काम असेल तर झोन बदलतो. ७८ अंशांच्या पलीकडे झोन ४४ लागतो; अमरावती ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये.

अंश, मिनिटं आणि जुने नकाशे

पुण्याचा अक्षांश १८.५२०४ लिहिलेला असतो. कोणी तो १८ अंश ५२ मिनिटं ०४ सेकंद असा वाचतो आणि थेट राजगुरुनगरकडे, ३८ किलोमीटर उत्तरेला पोचतो. खरा आकडा १८ अंश ३१ मिनिटं १३ सेकंद.

जुन्या टोपोशीटवरून आकडे उचललेत तर चूक इतकी ढळढळीत नसते. ते नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या मूळ बिंदूवर बांधलेले. तेच आकडे डब्ल्यूजीएस८४ समजून भरले तर आपल्याकडे शंभर-सव्वाशे मीटरचा घोळ होतो. दगड ओढ्याच्या पलीकडे दिसतो आणि लोक ओढ्यानं पात्र बदललं म्हणतात.

मोबाइलबद्दल एवढंच सांगतो. उघड्या आकाशाखाली फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. ॲप आठ दशांश स्थळं दाखवतं, पण पाचवं दशांश स्थळच एक मीटरचं. त्यापुढचे आकडे नुसती सजावट. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, शंकू साखळीचा (जुन्या मोजणी साखळीचा) चौरस, बाजू दहा मीटर. पाच मीटर चुकणाऱ्या यंत्रानं गुंठे मोजायचे आणि भावाशी भांडायचं, याला काय म्हणावं?

जमीनही चालते

भारतीय भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला पाचेक सेंटिमीटर सरकतो. जागतिक चौकटीत, म्हणजे आयटीआरएफमध्ये, २००५ साली ठरवलेला बिंदू २०२५ मध्ये मीटरभर पुढे गेलेला असतो. गावातल्या गावात याचा त्रास नाही, कारण सगळं गाव बरोबरच चाललेलं आहे. पण जुन्या कंट्रोल (पक्क्या) बिंदूंचे आकडे आणि आज ऑनलाइन प्रक्रिया करून आणलेला ताजा आकडा एकाच फाइलमध्ये घातले की मीटरभराची फट पडते. आकड्यासोबत तारीख नसेल तर तो आकडा अर्धाच आहे.

भूहालचाल मोजणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. एका वर्षी मे महिन्यात आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात मोजू नका. पावसाळ्यात जमिनीवर आणि जमिनीत साठलेल्या पाण्याच्या वजनानं कवच काही मिलिमीटर, कुठे सेंटिमीटरभर खाली दबतं. ते खचणं समजून वेग काढलात तर प्रबंधातला आलेख सुंदर दिसेल आणि चुकीचा असेल. महिना तोच ठेवा. सॉफ्टवेअर देतं ती ‘अर्ध्या मिलिमीटरची’ त्रुटीही जशीच्या तशी छापू नका. रोजच्या चुका एकमेकींशी निगडित असतात आणि खरी त्रुटी त्याच्या काही पट निघते.

संध्याकाळी फिक्स येत नसेल तर

केबल बदलण्याआधी घड्याळ बघा. विषुववृत्ताजवळच्या देशांत सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) खवळतं आणि सिग्नल लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे वाईट महिने, त्यात सूर्य जोरात असेल तर जास्तच. १० मे २०२४ च्या सौरवादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले होते. (१८५९ च्या प्रसिद्ध सौरवादळाची नोंद आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेनं घेतली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथलं चुंबकीय काम अलिबागला हलवलं.) अशा वेळी बेस जवळ आणा किंवा सरळ सकाळी या. कॉर्सचं स्टेशन ४० किलोमीटरवर असेल तर त्याच्या माथ्यावरचं आयनांबर आणि तुमच्या माथ्यावरचं एकच असेल अशी आशा करू नका.

पुरंदरचं काय झालं? बेसचा कच्चा डेटा चार तासांचा साठवलेला होता. तो कॉर्सच्या डेटाशी जोडून बेसची खरी जागा काढली आणि सगळे बिंदू एका फटक्यात सव्वा मीटर मागे घेतले. संगणकावर दहा मिनिटांचं काम. खांबांचे २२ खड्डे तोवर खणून झाले होते. ते बुजवून पुन्हा खणायला दोन दिवस लागले, आणि मजुरी मी दिली.